बुटकूशेठचं माप

लहान मुलाची पँट शिवताना खाली चार बोटं कापड दुमडून ठेवायचं, हे शिवणकाम करणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. पोर वाढतं, टाके उसवायचे, दुमड सोडायची, तीच पँट आणखी वर्षभर चालते. या गोष्टीतल्या बाईने लोकांच्या पोरांच्या पँटी अशा कितीतरी सोडून दिल्या होत्या आणि दरवेळी त्यांच्या आयांना हसून सांगितलं होतं, "वाढू दे हो, वाढू दे. त्याच्या वाढण्यावरच माझं पोट आहे." आता स्वतःच्या पोराची दुमड सोडायची वेळ आली, तर बया न्हाणीघराची कडी लावून, नळ सोडून, चोरासारखी ब्लेडने टाके कापत बसली होती.

भ्यायचं कारण तसंच होतं. पँट घरची नव्हती, मालिकेच्या कपडेपटातली होती. धुऊन देते म्हणून तिने मागून आणली होती. कपडेपट सांभाळणारे काका माणूस चांगला, पण त्यांचा डोळाही कापडात मुरलेला. दुमड सुटलेली त्यांना दिसली तर ते सहज बोलून जाणार, आणि मग सगळ्यांना कळणार की बुटकूशेठ वाढतोय.

बुटकूशेठ म्हणजे तिचा मुलगा. खरं नाव घरात कुणी घेतच नव्हतं. ते शाळेच्या हजेरीत तेवढं उरलं होतं, आणि शाळेत साहेब जात होते कुठे. रोज संध्याकाळी लागणाऱ्या मालिकेत तो दुकानदार होता. आजोबा गेले आणि दुकान नातवाच्या गळ्यात पडलं, एवढीच ती कथा. गिऱ्हाईक यायचं, तर काउंटरच्या फळीवर नुसती टेकलेली हनुवटी आणि दोन डोळे. गिऱ्हाईक म्हणायचं, "बाळ, दुकानात कुणी मोठं माणूस आहे का?" मग तो शांतपणे स्टूल ओढायचा, त्यावर चढायचा, काळ्या कोटाची बटणं सारखी करायचा आणि म्हणायचा, "मीच मोठा. बोला." झालं. एवढ्यावर लोक वेडे झाले. टॅक्सीवाला भाडं घेण्याआधी म्हणायचा, शेठ, एकदा बोला ना. दाताचा डॉक्टर पोराचं तोंड उघडं ठेवून तेच म्हणायचा. त्या तोंडाने पोराने बोलावं कसं, हे त्यालाच ठाऊक.

त्या तीन शब्दांवर घर बदललं होतं. खालच्या अंधाऱ्या खोल्यांतून ही मंडळी नवव्या मजल्यावर आली. बापाने पार्सल ऑफिसातली नोकरी सोडली आणि मुलाच्या तारखा सांभाळायला लागला. तोही कष्टाळू माणूस, आळशी नव्हे. पण ज्याच्या खिशातून घर चालतं त्याला रागवायचं कसं, हे त्याला उमजेना. सुरुवातीला गंमत म्हणून तो म्हणायचा, "शेठ, पंखा लावू का? शेठ, गाडी आली." गमतीगमतीत ती सवय झाली, आणि मग तीत गंमत राहिली नाही.

एकदा जेवताना मुलाने हट्टाने पाण्याचा ग्लास भिरकावला. मोठ्या बहिणीने त्याचा कान पिळला, कुठलीही ताई पिळते तसा. तर बाप ताटावरून उठून तिच्यावर धावला. "कान लाल झाला तर उद्या चित्रीकरणाला काय दाखवू?" ताईने भावाचा कान सोडला, सगळ्यांकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "या घरात कुणी मोठं माणूस आहे का?"

कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून ताई आपलं ताट आपल्या खोलीत घेऊन जायला लागली.

तरी तोवर सगळं बरं होतं असंच म्हणायचं. मग एका दुपारी बाप स्टुडिओतून आला तो चेहरा पडलेला. सोफ्यावर बसला, बूटही काढले नाहीत.

"दिग्दर्शक म्हणतो, पोरगं उंच व्हायला लागलंय."

"वय आहे त्याचं," बाई म्हणाली.

"वय आहे म्हणून तर. सुताराने काउंटरवर एक फळी चढवली. आता दुसरी चढवली तर गिऱ्हाईकं जमिनीवर बसून सामान घेतायत असं दिसेल. म्हणतो, पुढच्या खेपेला स्टुलाशिवाय उभा करून बघू. हनुवटी फळीवर टेकली तर ठीक, फळीच्या वर गेली तर कथा दहा वर्षं पुढे न्यायची. मोठा बुटकूशेठ म्हणून दुसरा कुणीतरी पोरगा हेरूनही ठेवलाय त्यांनी."

"मग आपण?"

"आपण काय? टाळ्या वाजवायच्या."

बाईने समोरच्या भिंतीकडे बघितलं, खिडकीकडे, शिलाई मशीनसाठी मुद्दाम करून घेतलेल्या कोपऱ्याकडे, आणि हे सगळं एका फळीवर उभं आहे हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं.

त्यानंतर त्या घराला भीतीने जे पछाडलं, ते विचारू नका. इतर घरांत पोरं वाढावीत म्हणून दूध पाजतात. इथे बापाने कुठेतरी वाचलं की दुधाने हाडं लांबतात, आणि पोराचं दूध बंद झालं. दाराच्या चौकटीला लटकायचं नाही, लटकल्याने उंची वाढते. खूप झोपायचं नाही, माणूस झोपेत वाढतो. बापाने हे सगळं हसत सांगितलं, चेष्टा केल्यासारखं, पण दूधवाल्याला खरोखरच अर्धंच दूध टाकायला सांगितलं. बाईला राग आला. ती बोलली मात्र नाही, कारण तिच्याही मनात चोर होता. एके दिवशी कोट अंगावर बसवून बघताना, ओठांत टाचण्या धरून, तिने पोराच्या पाठीवर थाप मारली होती आणि म्हणाली होती, "आता वाढू नकोस हं राजा. वाढलास तर जाऊ सगळे रस्त्यावर." पोरगं हसलं होतं. तीही हसली होती. चेष्टाच ती, दुसरं काय.

आणि मग ते न्हाणीघर, तो नळ आणि ते ब्लेड. घोटे उघडे दिसू नयेत म्हणून तिने दुमड सोडली, जुन्या दुमडीची रेघ ओल्या फडक्याने दाबून दाबून घालवली, पँट इस्त्री करून परत दिली. कपडेपटातल्या काकांनी ती हातात घेतली, घडी घातली, आणि ते काही बोलले नाहीत. झाकली मूठ झाकलेलीच राहिली म्हणून ती घरी येऊन देवासमोर नव्हे, आरशासमोर बसली आणि बराच वेळ स्वतःकडे बघत राहिली.

परीक्षेचा दिवस आला तेव्हा ती मुद्दाम बरोबर गेली. स्टुडिओतलं ते दुकान तिला नेहमीच विचित्र वाटायचं. बरण्यांत रंगवलेले खडे, पोत्यांत भुसा, आणि मागच्या दाराच्या मागे काहीच नाही. आज दिवे लावणारेसुद्धा काम सोडून बघायला आले होते. बाप हात चोळत उभा होता. मोठ्या डॉक्टरने तपासायला बोलवावं आणि नातलगांनी बाहेर उभं राहावं, तशी त्याची गत झाली होती.

"शेठ, जरा काउंटरमागे उभे राहा बघू," दिग्दर्शक म्हणाला. "स्टूल नको."

पोरगं गेलं. क्षणभर दिसेनासं झालं आणि मग फळीवर हनुवटी येऊन टेकली. नेमकी, काठाला काठ. वर दोन डोळे, नेहमीचे.

"अरे, हा तर होता तेवढाच आहे," दिग्दर्शक हसला. "उगाच घाबरलो आपण."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बापाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला तो उगाचच सुताराशी बोलायला लागला.

बाई बाजूला उभी होती, कपड्यांच्या दांडीजवळ. समोरच्यांना दिसत नव्हतं ते तिला तिथून दिसत होतं, फळीच्या खालचं. कापड कधी खोटं बोलत नाही. सरळ पायावर पँट सरळ पडते. इथे ती गुडघ्याशी पुढे फुगली होती आणि मागे तिला चुण्या पडल्या होत्या. पोरगं गुडघे मोडून उभं होतं. मांड्या थरथरत होत्या, कापड हलत होतं, आणि वर चेहरा असा, की जणू बागेत वारा खात उभा आहे.

आता खरं सांगायचं तर बाईला आधी हायसं वाटलं. आधी हायसं, आणि मग भीती. असं का, उलट का नाही, हे तिला नंतर फार टोचणार होतं. त्या वेळी ती इतकंच बघत राहिली की हा पोरगा हे आज पहिल्यांदा करत नाहीये. सरावाशिवाय इतकं नेमकं जमत नाही.

निघताना कपडेपटातल्या काकांनी कोट तिच्या हातात दिला. "ताई, हा घरी न्या. खांद्यांत उतरतोय, आत घ्यावा लागेल. पँटही कमरेला पिन लावून बसवतोय मी." ते जरा थांबले. "वाळलाय का हो तो?"

"कॅमेऱ्यात बारीकच बरं दिसतं," बाप मध्येच म्हणाला.

गाडीत पोरगं लगेच झोपलं. बापाने दोनदा त्याला हलवून जागं केलं, आणि दुसऱ्यांदा बाईने नवऱ्याचा हात धरून बाजूला केला.

घरी आल्यावर ती मशीनशी बसली. बाहेर अजून ऊन होतं. तिने कोट मांडीवर घेतला आणि तिच्या हाताला कळलं की हा कोट जड आहे. वर हलका आणि खाली जड. पाण्याने भिजलाय म्हणावं, तर कोरडा. तिने खालचा काठ चाचपला. अस्तराच्या आत काहीतरी सरकलं. काठावरून एक मुंगी निघाली, तिच्यामागे दुसरी, आणि मग एक रांगच.

खिशाला आतून भोक होतं. उसवलेलं नव्हे, पाडलेलं. तिने कात्रीने अस्तर उघडलं, तसा कुबट वास आला. पावाचे वाळलेले तुकडे. बिस्किटं. उकडलेलं अंडं, हिरवं पडलेलं. लोकांनी प्रेमाने दिलेली चॉकलेटं, कागदासकट. ते सगळं तिच्या मांडीवर, मशीनवर, फरशीवर पडत राहिलं. चित्रीकरणाच्या ठिकाणी तो नीट जेवतो ना, असं तिने रोज विचारलं होतं, आणि रोज त्याने पोटावर हात फिरवून "टम्म" म्हटलं होतं.

"अहो, इकडे या," तिने हाक मारली.

बाप आला, बघितलं, आणि दारातच थांबला.

"तुम्ही त्याला खाऊ नको म्हणून सांगितलंत?"

"मी? वेडी आहेस का? मी दूध तेवढं कमी केलं. अगं, दुधाचं काय. तूही बघत होतीसच की. तू का नाही बोललीस?"

"बाप आहात ना तुम्ही?"

"आणि तू कोण आहेस?"

ताई मागे येऊन उभी होती. तिने फरशीवरचं ते सगळं बघितलं. आजवर टोचून बोलणारी पोरगी, पण आता तिचाही आवाज खाली आला होता. "त्याला कुणी सांगायला कशाला हवं? या घरात दुसरं बोलणं असतं का कधी? तो रोज खोलीच्या दाराला पाठ लावून स्वतःला मोजतो. मी बघितलंय. मोजतो आणि मग कपाटाला कपाळ लावून उभा राहतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू दार काढून ठेवलं असतंस," ताई म्हणाली.

बाई उठली. गळ्यात मापाची फीत तशीच लोंबत होती. मुलाच्या खोलीत गेली तर तो पलंगाच्या काठावर बसला होता, दूरच्या गावाला निघालेल्या पाहुण्यासारखा, गुपचूप. बोलणं सगळं ऐकू गेलं होतं हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

"राजा, दाराशी उभा राहा."

तो उभा राहिला. पायजमा गुडघ्याशी फुगला.

"सरळ."

"सरळच आहे."

"मी कापड शिवते रे. मला कळतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू, दुखऱ्या माणसासारखा, वर आला. गुडघे वाजले. वर येतच राहिला. त्याचं डोकं तिच्या खांद्याला लागलं, खांद्याच्या वर गेलं आणि तिच्या कानाशी येऊन थांबलं. पायजम्याखाली त्याचे दोन्ही घोटे उघडे पडले. तिला वाटलं, खोलीत कुणी तिसराच मुलगा आलाय. स्वतःच्या पोराची उंची तिला ठाऊक नव्हती. लोकांच्या पोरांची मापं घेता घेता आयुष्य गेलं होतं, आणि हे घरातलं पोर कधी एवढं झालं, तिला पत्ता नव्हता. तिने फीत त्याच्या छातीभोवती घेतली. बोटांखाली बरगड्या एकेक करून लागत होत्या.

"का केलंस हे?"

"तूच म्हणालीस ना. वाढलो तर सगळे रस्त्यावर."

"चेष्टा केली होती रे मी." "चेष्टा होती ती."

"मला आधी वाटलं चेष्टा." तो तिला समजावल्यासारखं बोलत होता, तेच जास्त भयंकर होतं. "मग पँट घातली तर ती लांब झाली होती. म्हणजे तू दुमड सोडलीस. कुणाला न सांगता. नळ सोडलास ना, तेव्हा मी बाहेरच होतो. मग मला कळलं, तुला पण भीती वाटते. बाबांना वाटते ते माहीत होतं. पण तुला वाटते म्हणजे खरंच असणार."

बाई पलंगावर बसली. पोराचे घोटे झाकायला गेली होती ती. झाकताना स्वतःची भीती मात्र नीट इस्त्री करून त्याच्या अंगावर चढवली होती. राग यायला दुसरं कुणी समोर असतं तर बरं झालं असतं.

बाहेर फोन वाजला. बाप दारात आला, फोनवर तळवा दाबून धरलेला. दोघांकडे बघताना त्याचे डोळे मुलाच्या डोक्यावर गेले, मग घोट्यांवर.

"कपडेपटातून आहे," तो कुजबुजला. "नव्या कपड्यांसाठी माप मागतायत. जुनंच सांगू ना?"

हे ऐकलं मात्र, आणि पोरगं खाली आलं. कुणी न सांगता, विचारसुद्धा न करता, गुडघे मोडले आणि त्याची उंची पूर्वी होती तेवढी झाली. दिवा मालवावा तसं ते सहज झालं. बापाने ते बघितलं. आजवर त्याने ते कधी बघितलंच नव्हतं. फोनचा हात त्याचा आपोआप खाली आला.

बाईने उठून फोन घेतला.

"काका, वाढलाय तो," ती म्हणाली. "चांगलाच वाढलाय. दुमड मीच सोडली होती, तुम्हाला दिसलीच असेल. ज्यांना सांगायचं त्यांना सांगा. आणि तो आजारी आहे, उद्यापासून येणार नाही."

"दिसली होती, ताई," काका म्हणाले. "मीही बोललो नाही. चुकलंच माझं."

तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला. नवव्या मजल्याच्या त्या कोऱ्या भिंतीला टेकून तो हळूहळू खाली बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. त्याला उठवायला, धीर द्यायला तिला त्या वेळी सवड नव्हती. ताईनेच स्वयंपाकघरात जाऊन दूध गरम केलं, त्यात पाव बुडवला आणि वाटी आणून आईच्या हातात दिली. मग ती प्रथमच भावाच्या खोलीत जमिनीवर बसली, त्याच्या पायांशी.

"खा," आई म्हणाली.

"खाल्लं तर मी अजून वाढेन."

"वाढ."

"मग तो दुसरा मुलगा येईल."

"येऊ दे. तू खा."

त्याने आईकडे बघितलं, ताईकडे बघितलं, भिंतीशी बसलेल्या बापाकडे बघितलं. मग शहाण्यासारखी मान हलवली आणि तोंड उघडलं. तिने घास भरवला. तो चावला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. डोळे आनंदाने बारीक झाले, आणि पोटावर हात फिरवून तो हसला, मालिकेतलं, सगळ्यांना ठाऊक असलेलं ते हसू. इतकं छान खाल्लं त्याने की बापाने भिंतीशी बसल्या बसल्या सुटकेचा श्वास सोडला.

आईने दुसरा घास उचलला नाही. तिने फीत गळ्यातून काढून बाजूला ठेवली आणि त्याच्या गालाकडे बघत राहिली, डाव्या गालाकडे, जो उजव्यापेक्षा किंचित फुगलेला होता.

"तोंड उघड," ती म्हणाली.

तो हसत राहिला. त्याने तोंड उघडलं नाही.